सहा नंबरचं कार्ड

शाळेत दहा कॉम्प्युटर येऊन दोन वर्षं होत आली होती आणि त्यातल्या एकालाही अजून कुठल्या मुलाचं बोट लागलं नव्हतं. लागणार कसं? ‘संगणक कक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीला भलंमोठं कुलूप, त्याची किल्ली हेडसरांच्या शर्टाच्या खिशात आणि हेडसरांचा हात सदा त्या खिशावर. दसऱ्याला तेवढी ती खोली उघडायची. गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेली फुलाफुलांची कव्हरं काढून प्रत्येक कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि पुन्हा कव्हरं चढवून त्यांना वर्षभर झोपवून टाकायचं. शाळेला कॉम्प्युटर मिळाले याचं गावाला इतकं कौतुक होतं, की ते वापरायचेही असतात हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

यशोधराच्या डोक्यात मात्र दुसरं काही नव्हतं. दोन हजार पाच सालच्या जूनमध्ये ती या शाळेवर कॉम्प्युटर शिकवायला म्हणून मानधनावर लागली होती. निमगाव साव्याच्या भागुजींची ही मुलगी नारायणगावात खोली घेऊन राहायची आणि रोज सकाळी जीपच्या मागच्या बाकावर अंग चोरून बसत या गावाला यायची. पुण्यात राहून तिनं वेब पेज बनवायचा कोर्स केला होता, तोही चांगल्या मार्कांनी. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईलाच कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी नाही, यातला विनोद स्टाफरूममध्ये तिच्याखेरीज कुणालाही दिसत नव्हता.

“हेडसर, किल्ली?” ती विचारायची.

“अहो मॅडम, लाइट कुठंय?”

लोडशेडिंगचे दिवस होते, त्यामुळे हे उत्तर बहुतेक वेळा खरंच असायचं. लाइट असली तर हेडसर छताच्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “व्होल्टेज बघा की. पंखा तरी फिरतोय का?” आणि पंखा गरागरा फिरत असला तर मग शेवटचं ठेवणीतलं उत्तर यायचं. “पोरांचं हात बघितलं का? एखादं मशीन बिघडलं तर अण्णांना काय तोंड दाखवू मी?”

अण्णा म्हणजे सोमाजीअण्णा, शाळा समितीचे अध्यक्ष. गावाच्या वरच्या अंगाला त्यांची द्राक्षबाग होती, कॉम्प्युटर त्यांच्या शब्दावर आले होते आणि हेडसरांची खुर्चीसुद्धा त्यांच्याच शब्दावर टिकून होती. त्यांची नात समृद्धी आठवीत होती. पण नातीलाही खोलीत पाऊल टाकता आलं नव्हतं, एवढा हेडसरांचा कारभार चोख होता.

दिवाळीपर्यंत यशोधरानं फळ्यावर कीबोर्ड काढून काढून खडू झिजवले. मुलं फळ्यावरच्या बटणांकडे बघून जांभया द्यायची. शेवटी तिनं नाद सोडला आणि किल्लीवाचून वेब पेज कसं शिकवता येईल, याच्या मागे लागली.

त्यातून तिचा खेळ निघाला. द्राक्षाच्या खोक्याचं मोठं झाकण उलटं केलं की आतून पांढरंशुभ्र असतं. ते झालं पान. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर तिनं खुणा लिहिल्या. वेब पेजचं सगळं गणित या खुणांवर चालतं. मजकुराच्या आधी कोनी कंसात एक खूण टाकून ती उघडायची आणि मजकूर संपला की तिरकी रेघ देऊन तीच खूण बंद करायची. उघडलेली खूण बंद करायची राहिली, तर पुढचं सगळं पान बिघडतं. मुलांनी या बंद करण्याला ‘दार लावणं’ म्हणायला सुरुवात केली. कुणी विसरला की सगळा वर्ग ओरडायचा, “दार! दार!” एकात एक उघडलेल्या खुणा कुठल्या क्रमानं बंद करायच्या, हे शिकवायला पुण्याच्या सरांना अख्खा तास लागला होता. इथे सार्थक नावाचा पोरगा एका दमात म्हणाला, “टोमॅटोच्या क्रेटांसारखं हाय मॅडम. शेवटाला चढवलेलं क्रेट पयलं उतरवायचं.” त्या दिवशी यशोधराला इतका आनंद झाला, की जीपमध्ये कोपर खुपसणाऱ्या पाव्हण्यालाही ती काही बोलली नाही.

पण खेळाची खरी गंमत फाशात होती. वेब पेजवर मथळ्याचे सहा आकार असतात. एच-वन सगळ्यात मोठा आणि एच-सिक्स सगळ्यात बारीक. फाशालाही सहाच बाजू. यशोधरानं दोन्हींची गाठ घालून दिली. फाशावर एक पडला तर तुमचा मजकूर एच-वनमध्ये, पानाच्या अगदी माथ्यावर. सहा पडला तर तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात. एका डावाला सहा जण बसायचे आणि आधी पडलेला आकडा पुन्हा पडला तर फासा परत टाकायचा. ल्युडोत सहा पडावा म्हणून देव पाण्यात ठेवणारी पोरं आता सहा पडला की कपाळावर हात मारून घ्यायची.

मजकूर काय ठेवावा, हे तिनं मुलांवरच सोपवलं. पान आपल्या गावाचं करायचं होतं. प्रत्येकानं त्यात काय असावंसं वाटतं ते आपल्या कार्डावर, म्हणजे एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर, लिहायचं आणि त्याच्या लहानमोठ्या सहा पट्ट्या करायच्या, मोठी ब्रशनं, बारीक बॉलपेननं. सार्थकनं भैरवनाथाचं देऊळ लिहिलं. समृद्धीनं ‘सोमाजीअण्णांची द्राक्षबाग’ लिहिलं. कुणी पिठाची गिरणी, कुणी विहीर, कुणी आपला बैल. आणि खालच्या वस्तीतल्या रत्नानं लिहिलं, ‘जानकाबाईचं घर’.

जानकाबाई ही रत्नाची आजी. यशोधराची आणि तिची ओळख पहिल्याच आठवड्यात झाली होती. म्हातारीनं जीपच्या थांब्यावर “कोन्या गावच्या तुमी?” असं विचारलं, निमगाव साव्याच्या भागुजींचं नाव ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. तेव्हापासून रस्त्यात भेटली की ती मोठ्यांदा “जयभीम, बाई” म्हणायची. शाळेच्या आवारात भेटली की हेच शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायची. यशोधराही तिथे तितक्याच हळू उत्तर द्यायची. दोघींपैकी कुणी कुणाला तसं सांगितलेलं नव्हतं.

रत्ना मात्र हळू बोलणाऱ्यातली नव्हती. खेळाला बसली की तिचा आवाज देवळापर्यंत जायचा. एक पडला की ती फासा उचलून त्याचा मुका घ्यायची आणि सहा पडला की समृद्धीशी भांडायची, “तू गुडघा हलावला! परत टाकनार मी!” समृद्धीही काही कमी नव्हती. त्या दोघींचं भांडण ऐकत यशोधरा पट्ट्या लावायची आणि मनात म्हणायची, एकदा या पोरींना कॉम्प्युटरपुढे बसवता आलं पाहिजे. बाकी काही नको.

सव्वीस जानेवारीला हेडसरांनी खेळ व्हरांड्यात मांडायला सांगितला. झेंडावंदनाला गाव येणार होतं आणि शाळेत काहीतरी आधुनिक चालतं, असं दिसायला हवं होतं. यशोधरानं झाकण भिंतीला टेकवून उभं केलं. मुलं गोलात बसली, फासा फिरला, “दार! दार!”चा गजर झाला आणि गावकरी कौतुकानं गोळा झाले.

फाशाला कुठं माणसं कळतात? रत्नाला एक पडला. समृद्धीला सहा.

पानाच्या माथ्यावर ब्रशनं रंगवलेली हातभर पट्टी चढली, ‘जानकाबाईचं घर’. त्याच्या खाली गिरणी, विहीर, भैरवनाथ, बैल आणि सगळ्यात शेवटी, झाकणाच्या कडेला, बॉलपेनची चिमुकली पट्टी, ‘सोमाजीअण्णांची द्राक्षबाग’. रत्ना उड्या मारत फाटकापाशी गेली आणि आजीला हाताला धरून ओढत घेऊन आली. म्हातारीला वाचता येत नव्हतं. रत्नानं तिचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं. “हे तुजं नाव. जा-न-का-बा-ई. समद्या गावाच्या वर!” जानकाबाईनं तोंडावरचा पदर बाजूला केला आणि ती हसली. तिचं आख्खं हसू यशोधरानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात सोमाजीअण्णा पुढे आले. वाचत वाचत त्यांची नजर खाली खाली जात कडेपर्यंत गेली आणि मग त्यांना कमरेत वाकावं लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, “अण्णा, चष्मा आनू का?” आणि चारदोन जण खो खो हसले.

अण्णा सरळ झाले. “ग्वाड खेळ हाय,” एवढंच म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. चहा घेतला, मुलांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, समृद्धीच्या डोक्यावर हात फिरवला. रागावल्याची एकही खूण चेहऱ्यावर नव्हती. यशोधरानं घाईनं झाकण उचलून आत नेलं ते तेवढ्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर किल्ली ठेवलेली होती. खिशाबाहेरची किल्ली ती पहिल्यांदाच बघत होती.

“बसा मॅडम. अण्णा खूश आहेत तुमच्यावर. खोली उघडा म्हणाले. पोरांना शिकू द्या म्हणाले.”

“खरंच?”

“मग काय खोटं बोलतोय मी? फकस्त एक बारीकशी दुरुस्ती आहे खेळात.” हेडसरांनी किल्ली टेबलावरच जरा आपल्याकडे सरकवली. “तो फासा. त्यानं मथळा ठरवायचा, हे काय बरोबर वाटत नाही बघा. यात्रेच्या हँडबिलात एक नाव खाली गेलं म्हणून मागं दोन भावक्यांची तोंडं फिरली होती, अजून फिरलेलीच आहेत. शाळेत हे कशाला? ज्याचा आकडा त्याच्या कार्डावर लिहूनच टाका. म्हणजे वाद नाही.”

“मग खेळ काय राहिला, सर? फाशानं काय पडेल त्याचीच तर गंमत आहे.”

“राहू द्या की फासा. पाळी कुणाची, ते ठरवायला राहू द्या.”

“आणि कुणाला कुठला आकडा, ते कोण ठरवणार?”

हेडसर तिच्याकडे बघून हसले. वाईट हसले नाहीत, अगदी घरच्यासारखे हसले. “तुम्हाला कळतंच की, मॅडम.”

उठावं आणि चालू पडावं, असं तिला वाटलं. पण टेबलावर ती किल्ली होती. किल्लीच्या पलीकडे दहा कॉम्प्युटर होते, आणि त्यांच्यापुढे बसायला आतुरलेल्या दोन बाकं भरून पोरी होत्या. पट्ट्यांचं काय, पट्ट्या कागदाच्या. एकदा मुलं खऱ्या पडद्यावर लिहायला लागली की खेळ कोण विचारतो? असं तिनं स्वतःला समजावलं, आणि माणूस स्वतःला समजवायला बसला की त्याला फार वेळ लागत नाही.

“बरं,” ती म्हणाली.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून तिनं कार्डं पुढ्यात घेतली. सगळी लिहून होईपर्यंत चहासुद्धा निवला नव्हता. देवळाला एक. द्राक्षबागेला दोन. विहीर, गिरणी आणि बैल आपापल्या जागी. पेन एकदाही अडलं नाही, कुणाला काही विचारावं लागलं नाही. शेवटचं कार्ड जानकाबाईच्या घराचं उरलं आणि आकडाही एकच उरला होता. तो लिहिताना तिला स्वतःच्या हाताची किळस आली. तरी तिनं तो नीट, वळणदार अक्षरात लिहिला.

नव्या नियमांचा खेळ पहिल्या दिवशी रत्नानं उधळून लावला. “माजं का सहा? फासा टाकू द्या मला!”

“नियम बदललाय, रत्ना.”

“कुनी बदलला?”

यशोधरानं “शाळेनं” असं उत्तर दिलं. सार्थकनं विचारलं, मग फासा कशाला टाकायचा, तेव्हा यशोधरा पट्ट्या जुळवायला लागली. समृद्धी कार्डावरच्या दोनावरून बोट फिरवत राहिली. भांडायलाच काही उरलं नव्हतं, त्यामुळे तीही कंटाळली होती.

जास्तीच्या पट्ट्या शिपाई पाचोळ्यात जाळणार होता. रत्ना आली आणि म्हणाली, “मॅडम, माजी मोठी पट्टी घरी नेऊ?” यशोधरानं ती गुंडाळून तिच्या हातात दिली. निदान एवढं तरी आपल्याला करता आलं, म्हणून तिला बरं वाटलं. जीप वस्तीवरून जायची. दोनतीन दिवस तिला जीपमधून जानकाबाईच्या दाराच्या वर चिकटवलेली ती पट्टी दिसायची आणि तिची मान आपोआप वळायची.

मग एके दिवशी पट्टी दिसली नाही. यशोधरा संध्याकाळी वस्तीवरच उतरली. जानकाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

“आजी, पट्टी कुठं गेली?”

“काढली, बाई.”

“का?”

“येनारंजानारं थांबून वाचाया लागलं. कोन हसायचं, कोन इचारायचं, गावाचं नाव बदललं का म्हून.” म्हातारीनं शेंगांवरची नजर उचलली नाही. “आपल्याला काय करायचंय? पोरीलाबी सांगितलं म्या, शाळंनं सहा दिलाय ना, मग सहा घ्यायचा. मॅडम आपल्यातल्याच हायेत. त्यांनी दिलाय म्हंजी इचार करूनच दिला आसंल.”

यशोधराला त्या ओट्यावर उभं राहवेना. जीप गेली होती, पुढची यायला वेळ होता, तरी ती रस्त्यानं चालायला लागली. आपण सांगून टाकायला हवं होतं, असं तिला नारायणगावापर्यंत वाटत राहिलं. काय सांगायचं, ते मात्र सुचत नव्हतं.

त्यानंतर रत्ना खेळात भांडेनाशी झाली. तिचा आवाजही खाली आला. पण खेळायची इतकं बिनचूक, की बघत राहावं. आपली पाळी आली की सहा नंबरची खूण उघडायची, बारीक पट्टी लावायची, दार लावायचं आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. वर्गातल्या इतरांनी विसरलेली दारंसुद्धा ती डोळ्यांनीच दाखवून द्यायची. पोरगी समजूतदार झाली, असं वर्गशिक्षक म्हणाले. यशोधरालाही ते तसंच घ्यायचं होतं आणि तिनं तसंच घेतलं.

फेब्रुवारीत खोली उघडली. अण्णांच्या हस्ते नारळ फुटला, कव्हरं निघाली, दसऱ्याचं कुंकू अजून पडद्यांच्या कडांना चिकटलेलं होतं ते मुलींनी पदरासारखी ओढणी धरून पुसलं. लाइट होती. व्होल्टेजही होतं. दहा पडदे एकामागून एक निळे झाले आणि मुलांच्या तोंडून जो “ओहो” निघाला, तो ऐकून यशोधराचे डोळे भरून आले. यासाठीच तर होतं सगळं. ती पट्टी, तो आकडा, तो वळणदार सहा, सगळं आता वसूल झालं, असं तिला वाटलं.

काम सोपं होतं. ‘माझं पान’. वर स्वतःचं नाव मथळ्यात टाकायचं आणि खाली स्वतःबद्दल दोन ओळी लिहायच्या. मराठी अक्षरं त्या मशीनवर उमटत नव्हती, म्हणून नावं इंग्रजी लिपीत लिहायची. इथे गावाचं पान नव्हतं, देऊळ नव्हतं, बाग नव्हती. ज्याचं त्याचं पान, ज्याचं त्याचं नाव. यशोधरानं फळ्यावर सहाच्या सहा मथळे आणि कोपऱ्यात मोकळी ओळ सोडायची खूण लिहून ठेवली आणि ती म्हणाली, “कुठलाही घ्या. तुमचं पान आहे.”

मुलं एकेक अक्षर हुडकत बटणं दाबायला लागली. अर्ध्या तासानं हेडसर अण्णांना घेऊन रांगेतून फिरायला निघाले. समृद्धीचं नाव पडदाभर झालं होतं. सार्थकचंही. ज्याच्या त्याच्या पडद्यावर ज्याचं त्याचं नाव टेबलाच्या पलीकडून वाचता येत होतं. अण्णा मान डोलवत होते.

रत्नाच्या पडद्यापाशी ते थांबले आणि सव्वीस जानेवारीसारखेच कमरेत वाकले. पांढऱ्या पडद्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ‘Ratna’ होतं. वर सगळं कोरं. नाव खाली जावं म्हणून तिनं एकामागून एक मोकळ्या ओळी टाकल्या होत्या, त्यांची खूण तिनं फळ्याच्या कोपऱ्यातून हुडकून काढली होती.

“रत्ना,” यशोधरा म्हणाली. “हे तुझं पान आहे ना? इथं फासा नाही, कार्ड नाही. एच-वन घे की. मोठं नाव घे.”

रत्नानं तिच्याकडे बघितलं. हट्ट नव्हता, राग नव्हता. आपली मॅडम परीक्षा बघतेय, एवढंच तिला वाटलं असावं.

“आमचं सहाच हाय की, मॅडम.”

हेडसर कौतुकानं हसले. “बघा अण्णा, पोरगी कशी पक्की तयार झालीय. खेळाचा उपयोग झाला म्हणायचा.” अण्णांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून रत्नापुढे धरली आणि दोघं पुढच्या पडद्याकडे गेले.

यशोधरा खाली वाकली. दोन आकडे तर बदलायचे होते, उघडणारा सहा आणि लावणारा सहा. तिनं बोट पुढं केलं. रत्नानं घाईनं दोन्ही तळहात कीबोर्डवर पालथे घातले.

“नका, मॅडम. चुकंल.”

तिच्या हातांच्या वर, पडद्याच्या दुसऱ्या खिडकीत, तिनं लिहिलेल्या सगळ्या खुणा ओळीनं दिसत होत्या. यशोधरानं त्या वरपासून खालपर्यंत तपासल्या. प्रत्येक दार लावलेलं होतं, शेवटी उघडलेलं आधी आणि आधी उघडलेलं शेवटी. पानात एकही चूक नव्हती.